कुंदाने मोकळी ठेवलेली जागा

खोली बघायला आलेला माणूस आधी नळ सोडून बघतो. पाणी किती वेळ येतं, कपडे कुठं वाळत घालायचे, गाडी कुठं लावायची, हे विचारतो. कुंदा वानखडे आली ती सरळ आत गेली, दार ओढून घेतलं, कडी घातली आणि आतून म्हणाली, "काकू, आता तुमी आत येऊन दाखवा."

मला वाटलं, बाई जरा हललेली दिसतीय. मी म्हणलं, "अगं, कडी तू घातलीयास. मी कशी येणार?"

"तेच तर पाहून राहिली मी. या की."

मग मलाही चेव आला. खिडकीच्या गजातून हात घातला, दाराकडं वाकवला आणि बोटांनी कडी वर उचलली. आमच्या घरात ही युक्ती सगळ्यांना ठाऊक होती, कारण वारा आला की ती कडी आपोआप पडायची आणि आम्ही बाहेर राहायचो. दार उघडलं तर आत कुंदा उभी, चेहऱ्यावर असा आनंद की जणू मी तिची ओटी भरलीय.

"पाहा," म्हणाली, "ही कडी खाली घ्या, गजापासून दूर. मग राहते मी."

माझ्या पोरानं, दत्तानं, कडी खाली घेतली आणि ती राहायला आली. भाडं किती, हे तिनं सामान उतरवल्यावर विचारलं.

आता आम्ही कोण ते सांगते. आम्ही जांब्याचे. शेजारच्या हिंजवडीत कंपन्या आल्या आणि आमची भातखाचरं एकेक करून गेली. एक तुकडा तेवढा राहिला. गोठ्याच्या जागी खोल्या बांधल्या. माझे मालक, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते आधी म्हणायचे, "म्हसरं होती ती बरी. रातचं उठून पाणी न्हाई म्हणून वरडत न्हवती." पण भाडेकरू पोरं गोड असायची. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं. मी शाळेत गेले नाही असं म्हटलं तरी चालेल. वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून आणि लिहायला शिकले ते भाडेकरूंसाठी भिंतीवर 'पाणी जपून वापरा' लिहिता लिहिता. त्यामुळं कंपूटरमधलं पुढं जे काही सांगणार आहे, ते मला कुंदानं ओट्यावर बसून जसं समजावलं तसंच सांगणार. चुकलं तर ती चूक माझी, तिची नाही.

कुंदा अकोल्याकडची. चाळिशीला टेकलेली, बुटकी, जाड भिंगाचा चष्मा, ओढणी कायम एका खांद्यावरून घसरलेली. चहा स्टीलच्या पेल्यात प्यायची आणि पेला ओढणीत धरायची. तिखट एवढं खायची की माझा ठेचा खाऊन म्हणायची, "काकू, भाजी मस्त आहे."

तिचं एक वाक्य होतं. कुठलीही वस्तू आणली, कुणी कौतुकानं दाखवली, की ती चष्मा वर करून म्हणायची, "चालते हे मले दिसते. चुकल्यावर कसं चालते ते सांगा."

गॅसचा नवा सिलिंडर आला की साबणाचा फेस करून तोंडाला लावून बघायची. दत्तानं नवी मोटारसायकल आणली, पेढे वाटले, तर हिनं पेढा खाल्ला आणि विचारलं, "पुढच्या ब्रेकची तार तुटली तर मागचा लागते का?" दत्ता म्हणाला, "ताई, शुभ बोला की." एकदा माझ्या कुकरची शिट्टी होईना. मी खूश होते, कटकट नाही, आवाज नाही. ती आत आली, ऐकलं, म्हणजे न आलेला आवाज ऐकला, आणि गॅस बंद केला. झाकणावरच्या शिट्टीच्या भोकात भाताचं शीत अडकलं होतं. म्हणाली, "काकू, ओरडणाऱ्या कुकरची भीती नसते. गप्प बसलेल्याची असते."

आमच्या शेजारच्या यशोदाबाईंना राहवेना. एक दिवस ओट्यावर शेंगा फोडता फोडता त्यांनी विचारलंच.

"का गं, लगीन का न्हाई केलंस?"

"एक जण पाहायला आला होता जी," कुंदा म्हणाली. "चांगला होता. मी त्याले विचारलं, राग आला की तुमी काय करता? तो म्हणे, मले रागच येत नाही."

"मंग? चांगलंच हाय की."

"मग मी नाही म्हटलं."

यशोदाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी शेंगा फोडत राहिले. मला ते तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं.

तिचं कामही तसलंच होतं. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी मशीन असतं ना, नळीतून थेंब थेंब औषध सोडणारं, तसलं मशीन तिच्या कंपनीत तयार होत होतं. त्याच्या आत कंपूटर असतो आणि त्या कंपूटरचा जो मुख्य कारभारी, त्याला ती कर्नेल म्हणायची. त्या कर्नेलला कोणती बंधनं घालायची, काय उघडं ठेवायचं आणि काय बंद, हे ठरवायचं काम कुंदाचं.

मी विचारलं, "बंधनं म्हणजे?"

तिनं आमच्याच घरावर बोट ठेवलं. "ही मेमरी समजा. तुमी मालक, म्हणजे कर्नेल. आमी सारे भाडेकरू, म्हणजे प्रोग्राम. मी माझ्या खोलीत काहीबी करीन, पण तुमच्या देवघरात येऊन देव हलवले तर चालन का?"

"हात मोडीन."

"हां. तर ते आधीच बंद करून ठेवायचं. भिंतीवर तुमी 'पाणी जपून वापरा' लिहिलं, ते आमी वाचायचं. खोडून 'पाणी वाया घालवा' कोणी लिहू शकला नाही पायजे. आणि माळ्यावरचं सामान हे नुसतं सामान. तिथून कोणी हुकूम सोडू लागला तर तो हुकूम मानायचा नाही. असे लहान लहान खटके असतात, काकू. लावले की मशीन जरा मंद होते. म्हणून लोक म्हणतात, काढून टाका."

"आनि काढलं तर?"

"बहुतेक वेळा काहीच होत नाही," ती म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे."

आता कणगीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या मागच्या खोलीत भाताची कणगी होती. बांबूची, शेणानं लिंपलेली, माणसाएवढी उंच. राहिलेल्या तुकड्याचं भात त्यात असायचं. ती दगडांवर फळ्या टाकून वर उचललेली, आणि खालची जागा मोकळी. आबांचा दंडक होता, कणगीखाली काही ठेवायचं नाही. तिथं मांजर फिरतं, केरसुणी फिरते आणि उंदीर आलाच तर उघड्यावर दिसतो. पण खोल्या भाड्यानं द्यायला लागल्यापासून आमच्याकडं वीतभर जागासुद्धा रिकामी बघवेना. त्यात भाडेकरूंची एक सवय. टीव्ही, कंपूटर काही आणलं की त्याचा खोका टाकायचा नाही, गावी जाताना लागेल म्हणून. ते खोके आमच्या गळ्यात. दत्तानं एक दिवस सगळे खोके कणगीखाली सारले. आबांना तेव्हा दिसायचं कमी झालं होतं.

पुढं कितीतरी दिवस काही झालं नाही. वरून बघितलं तर भात जसंच्या तसं. मग एक दिवस मी सूप घेऊन गेले तर मधोमध खळगा. खोके ओढून काढले. आतल्या थर्माकोलात उंदरांनी संसार मांडला होता आणि तिथूनच कणगीचा तळ कुरतडून वर चढले होते. आबा ओट्यावरून एवढंच म्हणाले, "जागा मोकळी न्हवती ती. राखनीला ठिवली हुती."

खोके ओढायला कुंदाही होती. एक खोका उलटा केला तर त्यावर तिचंच नाव. तिनं तो पुसला, बघितला, परत पुसला.

"आबा," ती म्हणाली, "एक माझा हाय." आमच्यात राहून 'हाय' म्हणायला लागली होती.

"तुझा हाय तर तुझाच उंदीर मोठा असंल," आबा म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. कुंदा मात्र हसता हसता थांबली आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेकडं वाकून बघत बसली. बराच वेळ. मला वाटलं, चष्मा पडला की काय.

संध्याकाळी तिनं सांगितलं. कंपूटरच्या मेमरीत घरं असतात, त्यांना नंबर असतात, शून्यापासून पुढं. त्यातली अगदी सुरुवातीची जागा मुद्दाम मोकळी ठेवायची असते. का, तर कर्नेल झाला तरी तो माणसांनीच लिहिलेला. कधीतरी त्याच्या हातून चूक होते, कुठं जायचं तो पत्ता त्याच्याकडं नसतो, आणि पत्ता नसला की तो शून्यावर जाऊन उभा राहतो. तिथं काही नसलं तर तो अडखळतो, मशीन थांबतं, शिट्टी मारतं, चूक झाली हे सगळ्यांना कळतं. पण तिथं आधीच कुणी येऊन बसलं असेल, तर कर्नेलला वाटतं हेच आपलं घर. जे हाताला लागेल ते खरं मानतो आणि पुढं चालू लागतो. आणि बसणारा लबाड असला तर कर्नेलच्या हातून हवं ते करून घेतो.

"मग ठिव की मोकळी. अडचन काय?"

"ज्यांनी मशीन मागवलं त्यांचा एक जुना प्रोग्राम आहे. औषध किती गेलं ते दाखवते. त्याले नेमकी तीच जागा लागते. जुन्या काळचा आहे, तेव्हा तसंच लिहीत. ती जागा नाही दिली तर तो सुरूच होत नाही."

"म्हंजे त्याचा खोका."

"हो काकू. त्याचा खोका."

तिचा साहेब एका रविवारी घरी आला. पराग नाव. पुण्याचा, तिच्याहून लहान, वागायला चांगला. आल्या आल्या मला वाकून नमस्कार केला. मी चहा दिला आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तांदूळ निवडत बसले. उठून जायला पाहिजे होतं, पण ओटा माझा होता.

"कुंदा, एका ठिकाणी शून्य टाकायचंय फक्त," पराग म्हणाला. "खालची जागा शून्यापासून खुली. त्यांचा प्रोग्राम चालतो, आपण मशीन देतो, विषय संपला. बाकीचे सगळे खटके तू म्हणशील तसे."

"त्याच शून्याची गोष्ट आहे."

"हे मशीन दवाखान्यात एका कोपऱ्यात उभं राहणार. त्यात कोण शिरणार आहे?"

"कोणी शिरायची गरज नाही. आपलीच चूक पुरे आहे."

"आपण तपासलंय. तू स्वतः तपासलंयस."

"म्हणूनच सांगून राहिली. मी तपासलं म्हणजे मले न दिसलेल्या माझ्या चुका उरल्या आहेत."

मग पराग असं काही बोलला की माझा तांदळातला हात थांबला. "बरं. तुझं ऐकलं. जागा मोकळी ठेवली. उद्या चूक झाली, मशीन मध्येच थांबलं. पेशंटला औषध जायचं थांबलं. ते चालेल तुला?"

मला वाटलं, आता ही काय बोलणार.

"नाही चालणार," कुंदा म्हणाली. "पण थांबलं तर शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की नर्स येते. चुकीचं औषध गुपचूप चालू राहिलं तर कोणीच येत नाही, पराग. कायले येईल? सारं चालूच तर दिसते."

"मग काय करायचं?"

"त्यांचा जुना प्रोग्राम मी दुरुस्त करते. त्याले दुसऱ्या जागेची सवय लावते. वेळ द्या."

"वेळच नाहीये."

"मग माझा होकार नाही."

तिनं हो म्हटल्याशिवाय मशीन पुढं जाणार नव्हतं, एवढं मला त्या बोलण्यावरून कळलं. पराग गेला. जाताना मला म्हणाला, "काकू, तुम्ही तरी समजवा. बाहेर दिवस वाईट आहेत." दिवस वाईट होतेच. त्या वर्षी मंदी होती, माझ्या खोल्यांतली पोरं एकेक करून खोके न्यायला येत होती.

मी काय समजावणार. पण तिला भाकरी वाढताना म्हणाले, "तुज्या नोकरीचं काय?"

तिनं जे विचारलं ते मी विसरले नाही. "काकू, मी चुकत असेन तर? मशीन उशिरा जाईल. तिकडं कोणाले तरी आजच लागत असेल." डोळे भरले होते. ठामपणे बोलणाऱ्या माणसाच्या पोटात एवढी धाकधूक असते हे मला तेव्हा कळलं. मी तिच्या भाकरीवर लोणी घातलं.

तर वेळ मिळाला, पण कुरकुरत मिळाला. कुंदानं दुसऱ्याचा तो जुना प्रोग्राम उसवला आणि परत शिवला. त्या दिवसांत ती जेवताना ताटात बघायची नाही, आणि वाटीतलं वरण संपलं तरी चमचा फिरवत राहायची. मशीन उशिरा गेलं. मोकळी जागा मोकळीच ठेवून गेलं. मागवणारे रागावले, म्हणे एवढ्या लहानशा गोष्टीसाठी एवढा उशीर. आणि पुढं कंपनीनं माणसं कमी केली, त्यात कुंदाचं नाव होतं. पराग स्वतः सांगायला आला होता. ओट्यावर बसला, पण चहा प्यायला नाही.

मला फार राग आला. मी कुंदाला म्हणाले, "आता त्या मशीनचं काही तरी होऊ दे, म्हंजे कळंल त्यांना तू म्हनत होतीस ते."

ती एकदम माझ्याकडं वळली. "असं नका म्हणू, काकू. काही झालं नाही पायजे. काही झालं नाही, म्हणजेच माझं काम झालं."

"पन मंग कुणाला कळायचंच न्हाई."

"नाही कळणार," ती म्हणाली. "मलेबी नाही. माझ्या मागून कोणी शून्य टाकलं असेल, तर तेही नाही."

लवळ्याला कॉलेजात शिकवायची नोकरी तिला मिळाली. तिथंच राहायला गेली. टेम्पोत सामान चढलं, खोका तेवढा मला देऊन गेली. "चुलीत घाला," म्हणाली. मी घातला.

त्यानंतर तिचा फोन यायचा, ठेच्याची आठवण काढायची. पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, "वर्गाचं दार लावलं आणि म्हटलं, आत येऊन दाखवा."

शेवटची मला दिसली ती दवाखान्यात. आबांच्या छातीत कफ झाला होता, पुण्याला नेलं होतं. वेगळी खोली घेतली होती. त्यांच्या उशाशी तसलंच मशीन. हिरवे आकडे, थेंब थेंब औषध. कुंदा रिक्षा करून आली, हातात मोसंबी. केस बरेच पिकले होते. आबांच्या पायाला हात लावला, मला जवळ घेतलं, आणि मग तिची नजर त्या मशीनकडं गेली. गेली ती गेलीच. हळूहळू त्याच्या मागं गेली, वाकली, कणगीखाली वाकली होती तशीच, आणि पाठीवरचं बारीक बारीक वाचायला लागली.

"तुजंच का गं?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, काकू. वर नाव दुसऱ्याचं असते. आतलं दिसत नाही."

"असंल तर?"

ती उत्तर देणार तोच आबांनी झोपेत हात दुमडला आणि मशीन ओरडायला लागलं. मी उठले, मोसंबी खाली गडगडली. कुंदा जागची हलली नाही. मशीनकडं बघत, मान एका बाजूला कलती करून, ती ऐकत उभी राहिली. दार उघडून नर्स धावत आली. तिनं आबांचा हात सरळ केला, नळी बघितली, एक बटण दाबलं. थेंब पुन्हा पडायला लागले.

"काही नाही, आजी. हात दुमडला की वाजतं," नर्स म्हणाली.

मी कुंदाकडं बघितलं. चष्मा काढून ती ओढणीनं भिंगं पुसत होती.

"ही नळी दबल्याची शिट्टी आहे, काकू," ती मला म्हणाली. "माझ्या शून्याशी तिचा संबंध नाही. याच्यावरून काही ठरत नाही." मग चष्मा घातला आणि हळूच म्हणाली, "पण थांबलं. वाजलं. ती आली."

आबांना जाग आली होती. त्यांनी तिला आवाजावरून ओळखलं. "कुंदे, उंदीर हाय का गं?"

"नाही आबा. पाहिलं मी. खाली मोकळं आहे."

तिला शेवटची बस धरायची होती. मोसंबी गोळा करून तिनं टेबलावर ठेवली, निघाली, दार ओढून घेतलं. नर्स अजून आबांची नाडी बघत होती. तेवढ्यात बाहेरून दाराला एक लहानसा धक्का बसला. दार हललं, पण उघडलं नाही.

नर्सनं मान वर केली. "कोण आहे बाहेर?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "आमची कुंदा हाय. दार नीट लागलंय का ते बघतीय."